लाल तारेचा पंधरवडा

सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, आणि मी अठ्ठावन्न वर्षांचा. गणपती गेले होते, भाद्रपदाचा अंधारा पंधरवडा लागला होता आणि नाशकात जिकडे बघावं तिकडे ओल्या गोधड्या दिसत होत्या.

आमच्याकडची रीत आहे. नवरात्राचे घट बसायच्या आधी घरातलं एकूण एक कापड पाण्यातून निघालं पाहिजे. नेसायचं तर झालंच, पण पडदे, खोळी, सतरंज्या, पेटीच्या तळाशी वर्षभर न उलगडलेलं लुगडं, आणि सगळ्यात शेवटी गोधड्या. गोधडी घरच्या मोरीत मावत नाही. म्हणून बायका हातगाडीवर, सायकलवर, डोक्यावर ढीग घेऊन गंगेवर जातात. गोदावरी हे तिचं पुस्तकातलं नाव. आमच्या तोंडी ती गंगाच. त्या दिवसांत घाटाच्या पायऱ्यांवर धुण्याच्या सोड्याचा उग्र वास भरून असतो. त्यात कुठल्याशा घरातून पितरांसाठी तळलेल्या वड्यांचा वास येऊन मिसळतो. ऊन असं कडक पडतं की चार महिने पावसाने मुरवलेला कुबटपणा गोधडीतून वर चढताना डोळ्यांना दिसतो की काय असं वाटावं.

यंदाही तसंच ऊन पडलं आहे. परवा पंचवटीतून चालत येताना तो वास आला आणि मी वाट सोडून घाटाच्या पायरीवर जाऊन बसलो. दहा वर्षं झाली, दर वर्षी असंच होतं. ते साल मला पाठ आहे ते त्या साली काय घडलं म्हणून नाही. काय घडलं नाही, म्हणून.

मी जुनी धुण्याची मशिनं गोळा करतो. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "कशाला?" लोक टपाल तिकिटं जमवतात, पोपट पाळतात; त्यांना कोणी विचारत नाही. मी मखमलाबादचा माळी. बापाचा शेवंतीचा मळा होता. शाळेत तिसरीपर्यंत गेलो, तिसरीत दोनदा बसलो आणि मास्तरांनी बापाला सांगितलं, याला मळ्यातच घाल. मळ्यातही मी रमलो नाही. विहिरीवरची पाण्याची मोटर जळाली तेव्हा ती उघडणाऱ्या मिस्त्रीजवळ जाऊन बसलो, तो त्याच्याकडेच राहिलो. पुढे चाळीस वर्षं मोटरी भरल्या, म्हणजे जळक्या मोटरींत नवी तार गुंडाळली. अक्षरं मला धड आली नाहीत, पण तारांचे रंग आले. लाल म्हणजे फेज, वीज आणणारी; काळी म्हणजे न्यूट्रल, ती परत नेणारी; हिरवी म्हणजे अर्थिंग, पत्र्यावर उतरलेली वीज जमिनीत सोडणारी. शिकलेली माणसं कागद वाचून जे करतात ते मी रंग वाचून करायचो, आणि त्याचा मला गर्व होता. खोटं कशाला बोलू, फार गर्व होता.

पहिलं मशीन मिळालं देवळाली कॅम्पात. एका जुन्या बंगल्यावर पंपाचं काम होतं. मागच्या खोलीत पांढरं गोल पिंप दिसलं, तीन पायांवर उभं, वर रसवंतीच्या चरकासारखे दोन रबरी रूळ, आणि पिंपाच्या आत कोंबडी अंड्यांवर बसलेली. मी वाकून खाली हात घातला तर मोटर! बंगल्यातली म्हातारी पारशी बाई काठी टेकत आली. "ए तो मारी सासूनी मशीन छे," म्हणाली, "ले जा मिस्त्री, पण भंगारात देऊ नको हां." मी म्हटलं, "नाही देणार." कोंबडीची पिल्लं बाहेर पडेपर्यंत तीन आठवडे थांबलो आणि मग हातगाडी घेऊन गेलो.

त्यानंतर हे लागलंच. कॅम्पातून साहेब लोक बदलून जायचे, त्यांच्या मागे राहिलेलं काही मिळायचं. भगूरला एका वकिलाच्या माडीवर एक मिळालं, त्यात ते कोळसा भरून ठेवत. मी नावं कधी वाचली नाहीत. जिथून आलं ते त्याचं नाव: कॅम्पवाली, भगूरवाली, स्टेशनवाली. रॉकेल आणि पॉलिश पेपरने गंज काढायचा. पाणी गळू नये म्हणून ट्रॅक्टरच्या ट्यूबचे वायसर कापायचे. पिंपाच्या मधोमध जो कपडे घुसळणारा पंखा असतो त्याला मी रवी म्हणतो. तिचा आस झिजला की लेथवर नवा करून आणायचा. चरकाचं रबर दगडासारखं झालेलं असे. ते मालेगावला घेऊन जायचो. तिथे यंत्रमागाच्या रुळांना रबर चढवणारा एक कारागीर होता. पहिल्यांदा त्याने रूळ हातात फिरवून बघितले आणि विचारलं, "चचा, ये कौनसे करघे का है?" मी म्हटलं, "कपडा बुनने का नहीं, निचोडने का." तो इतका हसला की शेजारच्या दोन कारखान्यांतली माणसं बघायला आली.

मशीन पहिल्यांदा चालू होतं तेव्हाचा आवाज मला सांगता येणार नाही. आधी एक हुंदका, मग घरघर, मग पाण्याचं डुचमळणं. तीस-चाळीस वर्षं गप्प बसलेलं माणूस बोलायला लागावं तसं. मी कान लावून बसायचो.

आमच्या घरात या सगळ्याची कदर एवढीच की यमुना, म्हणजे माझी बायको, शेडच्या दारातून म्हणायची, "लोकं म्हशी पाळतात, तुम्ही ह्या पाळता. दूध नाय, शेण नाय, नुसत्या जागा अडवून बसल्या!"

"एक घे ना वापरायला," मी म्हणायचो.

"नको बाई. तुमच्या त्या म्हातारीने माझं लुगडं चावलं तर?"

अशा नऊ म्हाताऱ्या जमल्या होत्या. त्यांतल्या दोन जुळ्या. शरणपूर रस्त्यावरच्या एका बंगल्यातून एकाच दिवशी आणलेल्या, सारख्याच रंगाच्या, सारख्याच जड. तिथला माळी म्हणाला होता, "जर्मन हायेत." मी म्हटलं, असतील. एक धड होती, दुसरी सुट्या भागांसाठी ठेवली.

आता नंदाचं सांगतो. नंदा माझी एकुलती मुलगी. तिला येवल्याला दिलेली. व्याह्यांनी मळा विकून घरात पैठणीचे दोन माग टाकले होते. व्याही लवकर गेले. पुढचं सगळं विहीणबाईंनी ओढलं; जावई विणलेल्या पैठण्या घेऊन कायम फिरतीवर. नंदा लग्नानंतर माग शिकली आणि इतकी चांगली शिकली की पदरावरचे मोर तिच्याकडेच यायचे. पण आदल्या वर्षी दिवाळीला माहेरी आली तेव्हा मी तिची बोटं बघितली. टोकं फाटलेली, भेगांच्या कडा लाकडासारख्या वर आलेल्या.

"हे काय गं?"

"घटाचं धुणं, नाना. आठ दिवस सोड्याच्या पाण्यात हात. भरून यायला महिना जातो." मग तिने आईच्या रेशमी चोळखणावरून बोट हळूच ओढलं. कुरकुर आवाज आला आणि एक धागा बोटाला अडकून वर आला. "बघितलं? मागावर असं झालं की मोराचा गळाच उसवायचा. दोन दिवसांचं काम जातं. सासूबाई काही बोलत नाहीत, पण मला लाज वाटते."

मी त्याच क्षणी ठरवलं. पुढच्या घटाच्या आत हिच्या घरात मशीन. जुळ्यांतलं धड असलेलं, सगळ्यात मोठ्या पोटाचं, चौघडी गोधडी सहज गिळेल असं. वर्षभर त्याच्यावर हात फिरवला. मोटर नव्याने भरली, खाली फळीवर काढून दोन तारांवर चालवून बघितली. अशी फिरली की फळी थरथरत नव्हती. मग ती बसवली, वरचा पत्रा चढवला, रंग दिला.

मशीन पाठवतोय, असा कचरूकडे मी निरोप दिला. कचरू आमच्या वाडीतला टेम्पोवाला, भाजीच्या फेऱ्या करायचा, येवल्याकडे नेहमीच जायचा. तो येवल्याहून उलटा निरोप घेऊन आला. "काका, तुमच्या विहीणबाई म्हनत्यात, पितृपक्षात नवी वस्तू घरात चालू करत नाय. घट बसल्यावर पाठवा."

घट बसल्यावर! ज्या धुण्यासाठी मशीन, ते धुणं झाल्यावर मशीन. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सांग तिला, ही नवी नाय, तिच्या व्याह्यापेक्षा म्हातारी हाय. पितर जिवंत होते तेव्हापासून कपडे धुतीय. आणि नंदाला सांग, कोणाचं ऐकू नको, पोचल्या पोचल्या चालू कर."

"तुम्ही येता का संगं?"

"मी नाय. बोलावल्याशिवाय व्याह्यांच्या दारात मी जात नसतो."

सोमवारी सकाळी टेम्पो दाराशी आला. आणि बघितलं तर मशिनची जुनी वायर भुगा झालेली. बाहेरची नवी तीन तारांची केबल जोडायची तेवढी राहून गेली होती. वीज नेमकी गेलेली. कचरू हॉर्न मारतोय, त्याची भाजी सुकतेय. मी मागचं झाकण उघडलं. आतून तीन तारांची टोकं आली होती: लाल, काळी, एक राखाडी. एरवी माझी रीत अशी की तार चिमटीत धरून तिच्या शेवटापर्यंत जायचं, मग हात लावायचा. त्या दिवशी नाही गेलो. लालला लाल, काळीला काळी, उरली ती हिरवीला. झाकण बंद. प्लग बसवला. "जा रे!" म्हणालो आणि टेम्पोच्या पाठीवर थाप मारली.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास मी दुसऱ्या जुळीला हात घातला. तिची रवी काढून ठेवावी म्हणून पत्रा उतरवला, आणि समोर दिसलं. लाल तार सरळ जाऊन मशिनच्या अंगाला, पत्र्यालाच, स्क्रूने आवळलेली होती. मी पुसून बघितली. लालच होती. त्या मशिनात लाल तार अर्थिंगची होती.

म्हणजे नंदाच्या मशिनात मी फेज सरळ पत्र्याला दिली होती. प्लग खुपसला की सगळं पिंप जिवंत. मोटर फिरणार नाही, आवाज होणार नाही, आणि ती, काय झालं बघायला, ओल्या हाताने त्याला धरणार. पोचल्या पोचल्या चालू कर, असं मीच सांगून पाठवलेलं.

त्यांच्या गल्लीत एका किराणा दुकानात फोन होता. नंबर यमुनाने भिंतीवर लिहिला होता, तोही तिलाच विचारावा लागला. नाक्यावरच्या बूथमधून चार वेळा लावला. नुसती घंटी जात होती. बुधवारी ते दुकान बंद असतं हे मला मागाहून कळलं.

"येवल्याला जाऊन येतो," मी चप्पल घालत म्हणालो.

यमुना चुलीपुढून उठली. "परवा तर म्हनले, बोलावल्याशिवाय जात नसतो?"

"बोलावलंय."

"कोणी?"

तिला सांगितलं असतं तर तीही निघाली असती आणि काळजीने वाटेतच दोघं मेलो असतो. पिशवीत पकड, टेस्टिंगचा बल्ब आणि टेस्टर टाकला आणि निघालो.

ती एस.टी. मला अजून दिसते. खिडकीच्या काचा खडखडत होत्या. चांदोरीला थांबली, निफाडला थांबली. बाहेर द्राक्षबागांच्या छाटण्या चालल्या होत्या, कापलेल्या काड्यांचे ढीग बांधावर पडलेले. एरवी मी बागा बघत जातो. त्या दिवशी मी फक्त हिशेब करत होतो, सोमवार दुपारपासून किती वेळा वीज आली असेल. सोमवार संध्याकाळ. मंगळवार सकाळ. मग वाटायचं, काही वाईट असतं तर निरोप आला असता. मग वाटायचं, निरोप्या आत्ता समोरच्या एस.टी.तून नाशकाला चालला असेल. विंचूरला समोरून एक गाडी आली. तिच्या खिडक्यांत मी ओळखीचं तोंड शोधलं. आणि मधूनच, मेल्याहून मेल्यासारखं एक वाटायचं: विहीणबाईंनी तिला अडवलं असू दे. हट्टाने, भांडून, हाताला धरून, पण अडवलं असू दे. ज्या बाईचा निरोप मी उडवून लावला होता, तिच्या जिद्दीवर माझा सगळा जीव टांगलेला होता.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा तीन वाजले असतील. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी मागांचा आवाज येतो. खटक-खट, खटक-खट, एक संपत नाही तो दुसरा. मोटरचा आवाज मी शंभरांतून ओळखतो. पण माझ्या मुलीच्या मागाचा आवाज मी कधी कान देऊन ऐकला नव्हता. तो त्यात आहे की नाही, मला कळेना. मी भर गल्लीत उभा राहून ऐकत होतो आणि एक म्हातारी ओट्यावरून विचारत होती, "कोन पाहिजे, बाबा?"

दार उघडं होतं. दारात चपलांची गर्दी नव्हती. एवढं पाहिलं आणि मी आत पाय टाकला.

अंगणात मोरीच्या दगडाशी विहीणबाई बसल्या होत्या. पातळ वर खोचलेलं, दोन्ही हात कोपरापर्यंत सोड्याच्या पाण्यात, शेजारी धुवून पिळलेल्या सतरंज्यांचा डोंगर. ओट्यावर मशीन. अंगावर गोणपाट, प्लगची वायर गुंडाळून सुतळीने बांधलेली, जशी मी बांधली होती तशीच. गाठही माझीच होती. आणि आतल्या खोलीत एक माग चालला होता, खटक-खट.

"अगंबाई! व्याही?" विहीणबाई उठायला लागल्या. "आले का भांडायला?"

"नंदा?"

"मागावर हाय. काय झालं?"

मुलीच्या घरचं पाणी पिऊ नये असं मानणारा मी, त्या माउलीने तांब्या पुढे केला तो उभ्या उभ्या रिकामा केला. नंदा बाहेर आली, "नाना!" म्हणाली, आणि मी तिचे दोन्ही हात धरून बोटं बघत बसलो. मऊ होती. एक भेग नव्हती.

"तू धुणं नाही केलंस?"

"सासूबाई हात लावू देत नाहीत. म्हणाल्या, मशीन पितृपक्षात चालू करायचं नाही, पण तुझे हात मागासाठी ठेव. सोमवारपासून एकट्याच धुतायत."

"मंग काय?" विहीणबाई म्हणाल्या. "हिच्या बापाने हिच्या हातासाठी एवढं धूड पाठवलं. त्याचं मन तर राखावं. आन् पितरांचंबी राखावं. माझ्या हाताला कुठं आता मोर विणायचेत?"

मी त्यांच्या हातांकडे बघितलं. सांगत नाही काय दिसलं ते. या बाईला मी वर्षभर मनातल्या मनात कजाग म्हणत आलो होतो.

गप्प राहिलो असतो तर कोणाला कळलं नसतं. सहज आलो, म्हणून झाकण उघडून तार बदलून निघून आलो असतो. हे मनात आलं, आणि पुरतं घोळवूनही झालं. पण आधी खात्री करायची होती, आणि ती लपून करता येत नव्हती. मी मशिनखाली लाकडी पाट सरकवला, सुतळी सोडली.

"व्याही, चालू नाय करायचं," विहीणबाई म्हणाल्या.

"चालू नाही करत. तपासतो. दोघी लांब व्हा. ओट्याच्या खाली."

प्लग लावला. मशीन गप्प. टेस्टिंगच्या बल्बची एक तार अंगणातल्या हातपंपाच्या नळीला टेकवली, दुसरी त्या पांढऱ्याशुभ्र पत्र्याला. भर उन्हातसुद्धा बल्ब असा पेटला की नंदाने डोळे मिटले.

मी प्लग उपटला. आतला माग बंद, शेजारचे चालू.

"उलटी जोडली होती," मी म्हणालो. "माझ्या हातून. रंग बघून जोडली."

"हात लावला असता तर?" नंदाने विचारलं.

मी वायर गुंडाळायला लागलो. ती पुढे म्हणाली, "सोमवारी मी प्लग हातात घेतला होता, नाना. तुमचा निरोप होता ना. सासूबाई शेजारी पितरांचे वडे तळू लागायला गेल्या होत्या. पण म्हटलं, त्यांना विचारल्याशिवाय नको. दोन दिवसांनी काय बिघडतंय?"

विहीणबाईंनी मशिनकडे बघितलं. मला वाटलं, आता ऐकायचं. वर्षानुवर्षं ऐकायचं. त्या पदराला हात पुसत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "अमावास्येला आमच्या मालकांना दोन वडे जास्त वाढीन म्हनते. लय राखण केली माणसाने." आणि मग, माझ्या तोंडाकडे बघून, "तुम्ही बसा हो. पडाल तिथंच. नंदे, चहा टाक."

मी खरंच बसलो. ओट्याच्या कडेला, पाय खाली सोडून. आणि हसायलाच लागलो. विहीणबाईपण हसायला लागल्या. नंदा चहाचं आधण ठेवून बाहेर आली तर आम्ही व्याही-विहीण डोळे पुसत हसतोय.

संध्याकाळपर्यंत मी तार सरळ केली. एकेक चिमटीत धरून, शेवटापर्यंत जाऊन. पुन्हा बल्ब लावला तर तो काळाठिक्कर. असा न पेटलेला दिवा बघून एवढा आनंद होतो, हे मला इतक्या वर्षांच्या धंद्यात माहीत नव्हतं.

पुढे नाशिकरोडच्या एका म्हाताऱ्या वायरमनने मला सांगितलं, जर्मनांच्या मुलखात एके काळी लाल तारच अर्थिंगची असायची. त्यांचं त्यांच्यापाशी बरोबर होतं. माझं माझ्यापाशी बरोबर होतं. मला वाटलं होतं, अक्षरं गावोगावची वेगळी असतात, रंग सगळीकडचे सारखे. तेवढंच एक मला येत होतं, आणि तेही पुरतं येत नव्हतं.

आता गंगापूर रोडच्या नव्या इमारतींत घरोघरी आपोआप चालणारी मशिनं आहेत. काम झालं की टुंई करून हाक मारतात. बिघडली की आतलं कार्ड बदलतात, नाहीतर मशीनच बदलतात. तरी घट जवळ आले की त्याच इमारतींतून गाड्या गंगेवर येतात, डिक्कीत गोधड्या भरून; त्या नव्या पोटात मावत नाहीत. माझ्या शेडमध्ये आता चौदा म्हाताऱ्या आहेत. उरलेल्या जुळीला मी अजून एकही नवी तार जोडलेली नाही. नंदाची चालते आहे. विहीणबाई आता नीट चालत नाहीत, पण ओट्यावर बसून मशिनवर लक्ष ठेवतात आणि मला निरोप धाडतात, "व्याह्यांना सांगा, तुमची म्हातारी माझ्यापेक्षा धड हाय."

त्या बुधवारी विहीणबाईंनी मला नाशकाला परत जाऊ दिलं नाही. मीही फारसं ताणलं नाही. जेवताना एक गोष्ट मात्र मनातून जाईना: तार सरळ झाली, पण या घराच्या बोर्डात तिसरं भोक नुसतंच होतं, त्याच्या मागे काही नव्हतं. अर्थिंग त्या घरात कधी केलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या मी कुदळ मागितली आणि विहीणबाईंना विचारलं. मी कोणाला विचारून काम करत नाही, पण विचारलं, "पितृपक्षात खड्डा खणला तर चालेल का? का अमावास्या होऊ देऊ?"

"खणा. राखणीच्या कामाला पितर आड येत नाहीत." असं म्हणून त्यांनी मोरीच्या दगडापलीकडची ओली जागा बोटाने दाखवली.

कमरेइतका खड्डा केला. तळाशी तांब्याची पट्टी, वर कोळसा, त्यावर खडेमीठ, मग माती. पट्टीची तार भिंतीवरून बोर्डापर्यंत नेली. "आता याला पाणी लागतं," मी म्हणालो, "भरपूर."

"पाणीच पाणी हाय की," त्या म्हणाल्या आणि सोड्यात रात्रभर भिजलेली चौघडी गोधडी दोन्ही हातांनी उचलायला गेल्या. उचलेना. मी जन्मात कधी हातरुमाल धुतला नव्हता. मी बाह्या वर सारल्या आणि गोधडीचं दुसरं टोक धरलं. खड्ड्याच्या अलीकडे मी, पलीकडे त्या. त्यांनी एकीकडे पीळ दिला, मी दुसरीकडे. "ओढा की व्याही, जोर नाय का?" त्या म्हणाल्या. मी ओढलं, आणि धो धो पाणी मातीत जाऊ लागलं.